काळोखातलं झोपडं

विदर्भातल्या गुरुकुंज मोझरीच्या आसपास कपाशीची वावरं आहेत. गहाणखत म्हणजे काय, हे इथल्या शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. शेतकऱ्याचं हे गहाणाचं दुखणं कोल्हापुरात दिग्दर्शक बाबूराव पेंटरांनी मूकपटाच्या काळातच पडद्यावर आणलं होतं.

त्यांच्या ‘सावकारी पाश’ (१९२५) या मूकपटाची प्रत आज उरलेली नाही. कथा ना. ह. आपट्यांची. खोट्या कागदांपायी जमीन गमावलेला शेतकरी शहरात जाऊन गिरणी कामगार होतो. शेतकरी झाले व्ही. शांताराम, सावकार झुंझारराव पवार. कथानक हाती लागतं, पण पडद्यावर ते दिसत कसं होतं?

त्याची सर्वांत मोलाची साक्ष जे. बी. एच. वाडियांची आहे. बाकीचा चित्रपट त्यांना पुसट आठवत होता. एक उदास झोपडं मात्र विसरता आलं नाही. चौकट बहुतेक अंधारात, आणि केकाटणारं कुत्रं. आठवण कितीतरी वर्षांनंतरची आहे, म्हणून तपशिलांवर फार भार टाकू नये. पण वाडिया हे ‘हंटरवाली’सारखे मारधाडीचे चित्रपट काढणाऱ्या कंपनीचे संस्थापक. अशा माणसाच्या मनात घटना नव्हे, उजेड-अंधाराची मांडणी टिकून राहते, यालाच मी पुरावा मानतो.

दुसऱ्या नोंदीही त्याच दिशेने जातात. पेंटर मूळचे नाटकांचे पडदे रंगवणारे. ‘सैरंध्री’तला (१९२०) कीचकवध इतका खरा वाटला, की सेन्सॉरने तो कापायला लावला. ‘सिंहगड’मध्ये (१९२३) त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला. म्हणजे ‘सावकारी पाश’च्या वेळी अंधार ही त्यांची अडचण नव्हती, तो त्यांनी निवडलेला रंग होता. राजवाड्यांचे पडदे रंगवलेल्या हाताने एका झोपड्यावरचा उजेड काढून घेतला. मराठी चित्रपटातलं हे मला फार मोठं पाऊल वाटतं.

पेंटरांनी १९३६ साली हीच कथा बोलपटात पुन्हा केली. तिच्यावरून मूकपटाची दृश्यं भरून काढण्याचा मोह होतो. मला ते मान्य नाही. बोलपटात कुत्र्याचं रडणं ऐकवता येतं. १९२५ साली ते डोळ्यांनाच ऐकू यायला हवं होतं; त्यासाठी कुत्रं कुठे उभं करायचं आणि भोवती किती काळोख ठेवायचा, हे सगळं दिग्दर्शकाला चित्रातूनच सोडवावं लागलं.