अनन्य ओळखक्रमांक : साठवण आणि दर्शन यांचा इतिहास

प्रस्तावना : डेटाबेसच्या इतिहासात तक्त्यातील एका नोंदीला दुसरीपासून वेगळे करणाऱ्या ओळखक्रमांकाकडे बहुधा तांत्रिक तपशील म्हणूनच पाहिले जाते. वस्तुतः हा क्रमांक कोणी द्यावा, त्यात अर्थ असावा की नसावा आणि तो वापरकर्त्याला दाखवावा की नाही, हे प्रश्न जुने आहेत. प्रस्तुत लेखात मुख्यतः तिसऱ्या प्रश्नाचा विचार केला आहे.

आयबीएममधील संशोधक एडगर कॉड यांनी जून १९७० मध्ये संबंधात्मक प्रतिमान मांडले. त्यातील ‘प्रायमरी की’ ही कर्मचारी क्रमांकासारखी, व्यवहारात आधीपासून असलेली माहितीच होती. परंतु अशी माहिती बदलते. दोन संस्थांचे विलीनीकरण झाले की प्रत्येकीचे कर्मचारी क्रमांक वेगळ्या पद्धतीचे निघतात. यावर उपाय म्हणून कॉड यांनी १९७९ च्या निबंधात ‘सरोगेट’ म्हणजे प्रतिनिधी-क्रमांकाचा स्वीकार केला. ही कल्पना सर्वस्वी त्यांची नव्हती. १९७६ मध्ये ती इतरांनी मांडलेली होती. महत्त्वाची आहे ती त्यांनी घातलेली अट. हा क्रमांक प्रणालीने निर्माण करावा, त्याचे मूल्य वापरकर्त्याने ठरवू नये आणि ते त्याला कधीही दाखवले जाऊ नये. पुढील इतिहास हा बव्हंशी या अटीच्या उल्लंघनाचा इतिहास आहे.

उल्लंघनाची सुरुवात डेटाबेसच्या बाहेर झाली. १९८० मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेतील अपोलो कॉम्प्युटर या कंपनीला जाळ्यातील अनेक यंत्रांवर, मध्यवर्ती क्रमांकदात्याशिवाय, एकमेवाद्वितीय क्रमांक हवे होते. तेथील ६४ बिटांच्या क्रमांकात वेळ आणि यंत्राची ओळख एकत्र गुंफलेली होती. पुढे तो १२८ बिटांचा झाला आणि ओपन सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या वितरित संगणन प्रणालीत ‘यूयूआयडी’ म्हणून स्थिरावला. त्यातील कालगणना १५ ऑक्टोबर १५८२ पासून, म्हणजे ग्रेगोरियन पंचांगाच्या पहिल्या दिवसापासून सुरू होते. पोप ग्रेगरी यांचा निर्णय संगणकाच्या पोटात असा टिकून राहावा, हे इतिहासाच्या अभ्यासकाला गमतीचे वाटेल!

हा क्रमांक साठवताना १६ बाइट पुरतात. वाचण्यासाठी मात्र तो षोडशमान पद्धतीचे ३२ अंक आणि ४ जोडरेषा अशा ३६ चिन्हांत लिहितात. साठवण आणि दर्शन यांची फारकत येथेच होते. मायक्रोसॉफ्टने आपल्या ‘जीयूआयडी’मध्ये पहिले तीन गट उलट्या बाइटक्रमाने साठवले. परिणामी ३३, २२, ११, ०० असे ठेवलेले चार बाइट पडद्यावर ००११२२३३ असे दिसतात. ओरॅकलमध्ये तेच बाइट कच्च्या स्वरूपात, साठवलेल्या क्रमाने व जोडरेषांविना दिसतात. एका प्रणालीतील माहिती दुसरीत नेणाऱ्या प्रोग्रामरला एकच क्रमांक दोन वाटतो आणि त्याची जुळणी चुकते. शिवाय एसक्यूएल सर्व्हर क्रम लावताना शेवटचे सहा बाइट आधी पाहतो. त्यामुळे डोळ्यांना दिसणारा क्रम आणि प्रणालीचा क्रम जुळत नाही.

याहून गंभीर प्रश्न क्रमांक काय सांगतो हा होता. जुन्या पद्धतीत त्याच्या शेवटच्या ४८ बिटांत यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता असे. मार्च १९९९ मध्ये ऑफिस ९७ च्या दस्तऐवजांत असा क्रमांक दडलेला असल्याचे उघडकीस आले. त्याच महिन्यात पसरलेल्या मेलिसा विषाणूचा माग काढताना त्याचाच आधार घेतला गेला. क्रमांक पडद्यावर दाखवला नव्हता, तरी तो बोलत होता. त्यामुळे कॉड यांची अट जशीच्या तशी पाळूनही हा धोका टळला नसता, हे मान्य करावे लागते.

विंडोज २००० पासून नेहमीच्या निर्मितीतून कार्डाचा पत्ता वगळला गेला आणि यादृच्छिक अंकांचा वापर रूढ झाला. यादृच्छिक क्रमांकांत १२२ बिटांना काहीच अर्थ नसतो. परंतु अशा नोंदी अनुक्रमणिकेत इतस्ततः विखुरतात आणि लेखनाचा वेग मंदावतो. म्हणून एसक्यूएल सर्व्हर २००५ मध्ये क्रमवार क्रमांकांची सोय आली, आणि तिच्यासोबत पुढचा क्रमांक ओळखता येण्याचा धोकाही. असे क्रमांक संकेतस्थळाच्या पत्त्यात दाखवले गेल्यास एकावरून दुसऱ्याच्या नोंदीचा अंदाज बांधता येतो. क्रमांक ठाऊक असणे म्हणजेच नोंद पाहण्याचा अधिकार, असे गृहीत धरणारी रचना येथे उघडी पडते.

जुलै २००५ च्या आरएफसी ४१२२ या मानकाची जागा मे २०२४ मध्ये आरएफसी ९५६२ ने घेतली. क्रमांकाचे पृथक्करण शक्यतो करू नये, असे ते सुचवते. त्यातील सातव्या प्रकारात यंत्राचा पत्ता नाही. आरंभीच्या ४८ बिटांत मात्र मिलिसेकंदांतील वेळ आहे, आणि तो क्रमांक पाहणाऱ्या कोणालाही नोंद केव्हा झाली हे वाचता येते.