एका दिव्याची गोष्ट : ८०५१ पासून आजपर्यंत

महाराष्ट्रात इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या आपल्यापैकी अनेकांची पहिली मायक्रोकंट्रोलर चिप म्हणजे ८०५१. इंटेलने ती १९८० साली आणली. चार किलोबाइट रॉम, १२८ बाइट रॅम, चाळीस पाय. सगळी मांडणी २१ खास रजिस्टरांत मावत असे. पायाला नेहमीच्या पद्धतीने जोडलेला दिवा लावायचा? एक बिट शून्य करा, झाले!

आता २००७ साली आलेली एसटीएम३२ एफ१०३ पाहा. तोच दिवा लावण्याआधी त्या पोर्टचे घड्याळ सुरू करायचे, मग पाय 'आउटपुट' आहे हे सांगायचे, वेग ठरवायचा आणि मग बिट. हिचे मॅन्युअल हजाराहून अधिक पानांचे!

हा खटाटोप उगाच नाही. वीज वाचावी म्हणून चिप चालू होताना बहुतेक भाग बंदच असतात. आणि एकच पाय अनेक कामे करू शकतो, म्हणून त्याला काम नेमून द्यावे लागते. बॅटरीवर महिनोन्‌महिने चालणारी उपकरणे बनवायला वीज वाचवण्याच्या या पद्धतीचीही मदत होते.

२००५ साली इटलीतल्या इव्रेआ गावी अर्दुइनो जन्मले आणि रजिस्टरांची ही भाषा तयार फंक्शनांमागे गेली. इथे अमेरिकेत आपली अनेक मुले तिथूनच सुरुवात करतात. दिवा लगेच लागतो, उत्साह टिकतो. हे चांगलेच आहे. पण पडद्यामागे काय घडते हे न कळता वाढलेला इंजिनिअर पडदा फाटला की अडतो. म्हणून पालकांना माझी एकच विनंती : सुट्टीत एकदा तरी मुलांबरोबर मॅन्युअल उघडा आणि तोच दिवा थेट रजिस्टर लिहून लावा.