कापसासाठी चांगले जिनिंग कसे निवडावे?

मंडळी, आपण कतारमध्ये असलो तरी दिवाळीच्या सुमारास गावाकडून फोन येतोच : कापूस कुठल्या जिनिंगला द्यायचा? विदर्भ, खानदेश, मराठवाड्यात शेती असलेल्या सभासदांसाठी आम्ही पाच मुद्दे देत आहोत.

१. काटा : भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचे वजन आपल्यासमोर व्हावे, पावती मिळावी. कट्टी किती कापणार, ते आधीच विचारावे.

२. ओलावा : सीसीआयच्या हमीभाव खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण दर मिळतो, १२ टक्क्यांपर्यंत कपात होते. खासगी जिनिंगमध्येही मीटर लावायला सांगावे, नुसते हाताने चाचपून चालणार नाही.

३. उतारा : क्विंटलभर कापसातून साधारण ३३ ते ३६ किलो रुई निघते, उरते ती मुख्यतः सरकी. रुई काढून घेणार असाल तर दोन्हींचे वजन मागावे.

४. यंत्र : डबल रोलर यंत्रात धागा करवती यंत्रापेक्षा कमी तुटतो.

५. आवार : फरशी स्वच्छ हवी, प्लास्टिक, सुतळी, पालापाचोळा रुईत मिसळता कामा नये.

दर थोडा चढा सांगून कट्टीत कापून घेणारे जिनिंग शेवटी महागच पडते. गाडी भरण्याआधी घरच्यांना एवढे जरूर सांगा.