लॉयोला येथील रुग्णशय्या

धर्मग्रामाचा इतिहास लिहावयास बसलें म्हणजे देवालयाचा पाया कोणी घातला, घंटा केव्हां आली, कोणकोणते धर्मगुरु होऊन गेले, हें सर्व लिहिलें जातें. परंतु दुखणेकऱ्याच्या उशाशीं बसून ज्यांनीं महिनेन्‌महिने रात्री काढिल्या, त्यांचीं नांवें कोणत्याहि वहींत सांपडत नाहींत. या ज्युबिलीच्या प्रसंगीं त्यांची आठवण व्हावी, म्हणून पांचशें वर्षांपूर्वींच्या एका आजारपणाची हकीकत आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

सन १५२१ च्या मे महिन्यांत फ्रेंच सैन्यानें स्पेनमधील पांप्लोनाच्या किल्ल्यावर मारा केला. त्या वेळीं तोफेचा गोळा लागून इनिगो नांवाच्या सुमारें तीस वर्षांच्या सरदारपुत्राचा एक पाय मोडला व दुसऱ्यासहि मोठी इजा झाली. हाच पुढें येशूसंघाचा संस्थापक संत इग्नेशियस. प्रथमोपचार शत्रूनेंच केले आणि सुमारें पंधरवड्यानें त्यास डोलींतून लॉयोला येथें वडील बंधु मार्तीन यांच्या वाड्यांत पोंचविलें. आई त्याच्या लहानपणींच निवर्तली होती. घरची धनीण त्याची भावजय मॅग्डालेना ही होती.

हाड नीट बसलें नव्हतें, म्हणून शस्त्रवैद्यांनीं तें पुन्हां हलवून बसविलें. त्या काळीं भुलीचें औषध नव्हतें. इनिगोनें मुठी आवळल्या, पण तोंडांतून शब्द काढिला नाहीं. पुढें प्रकृति ढासळत गेली. २४ जून रोजीं, संत योहान बाप्तिस्ता याच्या सणीं, त्यानें पापनिवेदन करावें असें ठरलें. २८ जूनला वैद्य म्हणाले, मध्यरात्रीपर्यंत उतार न पडल्यास आशा नाहीं. त्याच रात्रीं उतार पडूं लागला.

संकट टळलें, पण आजारपण टळलें नाहीं. हाड गुडघ्याखालीं वर आलें होतें व पाय आंखूड झाला होता. तें विद्रूप दिसूं नये म्हणून तें कापून काढावें, असा हट्ट इनिगोनें धरिला. बंधु घाबरून गेले. असें दुःख आपणास सोसवणार नाहीं, असें ते म्हणाले. हाड कापिलें गेलें, मलमें लाविलीं गेलीं, आणि पाय लांबविण्यासाठीं तो दिवसचे दिवस यंत्रानें ताणून ठेविला गेला. बाकी शरीर धडधाकट, पण उभें राहतां येईना. असा तरुण घरांत पडून असला म्हणजे त्याचें मन कसें रमवावें, हा घरच्यांपुढें मोठाच प्रश्न असतो.

इनिगोनें शूर सरदारांच्या अद्‌भुत कथा मागितल्या. घरांत त्या नव्हत्या. होतें तें ख्रिस्ताचें एक चरित्र व संतचरित्रांचा एक संग्रह. तेच त्यास देण्यांत आले. देणारी मॅग्डालेनाच असावी, असें चरित्रकार मानतात. कंटाळा घालविण्यासाठीं वाचलेल्या त्या पानांनीं त्याचें मन पालटूं लागलें. घरांत थोडें हिंडूं-फिरूं लागल्यावर त्यानें सुमारें ३०० पानांची वही लिहून काढिली. ख्रिस्ताचीं वचनें तांबड्या आणि पवित्र मरियेचीं निळ्या शाईनें.

सन १५२२ च्या आरंभीं तो निघाला. घरच्यांस बदल दिसतच होता. बंधूंनीं त्यास एका दालनांतून दुसऱ्या दालनांत नेऊन विनविलें कीं, आयुष्याचा असा नाश करूं नको. ज्याच्यासाठीं सर्व घर झिजलें, तो पूर्वींचा इनिगो त्यांस परत मिळाला नाहीं. त्याचें लंगडणेंहि जन्मभर राहिलें. परंतु त्या शुश्रूषेचें फळ वायां गेलें नाहीं. सन १५३५ मध्यें तो गांवीं परतला, तेव्हां बंधूच्या वाड्यांत न राहतां गोरगरिबांच्या इस्पितळांत उतरला. सन १५३७ मध्यें त्याचे सोबती व्हेनिसच्या इस्पितळांत रोग्यांची सेवा करीत होते. त्यांपैकींच संत फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजीं गोव्यास आले, आणि त्यांनींहि आपला मुक्काम इस्पितळांतच ठेविला.

आमच्या धर्मग्रामांत पाहावें तों पहिल्या आठवड्यांत दुखणेकऱ्याच्या खाटेभोंवतीं उभें राहावयास जागा नसते. तिसऱ्या महिन्यांत त्याची बायको किंवा आई एकटीच बसलेली आढळते. ही चूक आमच्याकडूनहि घडली आहे. तैलाभ्यंग देण्यास आम्ही रात्रीं-अपरात्रीं धांवत गेलों. परंतु उतार पडल्याचें कळल्यावर त्याच घरची पायरी पुन्हां चढण्यास महिना लोटला. त्या माउलीनें तक्रार केली नाहीं. तिचे जागरणानें तांबारलेले डोळे पाहून आम्हांसच लाज वाटली.

म्हणून आमची विनंति एवढीच कीं, ज्या घरीं दुखणें लांबलें आहे, तेथें गर्दी ओसरल्यावर जावें. एक रात्र आपण उशाशीं बसून घरच्या बाईस झोंप घेऊं द्यावी. आणि बरा झालेला माणूस पूर्वींसारखा चालला नाहीं, बोलला नाहीं, तरी तो जसा परत आला तसाच त्यास जवळ करावें. धर्मग्रामाच्या वहींत याची नोंद होणार नाहीं. परंतु मी आजारी होतों तेव्हां तुम्हीं माझा समाचार घेतला, असें म्हणणारा प्रभु ती नोंद ठेवील.