शाळेचें दप्तर

हायस्कुलाचें दप्तर हेंहि इतिहासाचें साधन होय, हें जालना जिल्ह्यावरून दिसून येतें. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामी राज्यांत होता. तेथें हायस्कुलास ‘फौकानिया’ म्हणत, व सरकारी शाळांचें दप्तर उर्दूंत, फसली सनांत असे. फसली सनांत स्थूलमानानें ५९० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. १९६२ सालीं जिल्हा परिषदा होऊन अशा पुष्कळ शाळा त्यांजकडे आल्या.

२०२३ सालीं अंबड तालुक्यांतील अंतरवाली सराटी येथील उपोषणानंतर न्या. संदीप शिंदे यांची समिति नेमली गेली, आणि कुणबी नोंदींच्या शोधांत शाळांचीं प्रवेश-निर्गम पुस्तकेंहि तपासलीं गेलीं. मुलाच्या नांवापुढें लिहिलेला जातीचा एक शब्द घराण्याचा पुरावा ठरला. बखरी जपणाऱ्या संग्राहकांनीं हीं पुस्तकेंहि वाळवीपासून राखावीं, अशी आमची विनंती आहे.