बागेतली रेल्वे आणि वळणारी चाके

माथेरानच्या गाडीला आपण कौतुकाने ‘टॉय ट्रेन’ म्हणतो. खेळण्यातली गाडी. या कौतुकात थोडा अन्यायही आहे. आकार लहान म्हणजे काम लहान, असे आपण धरून चालतो. मग ती गाडी डोंगर चढते कशी आणि तिच्यासाठी कोणी काय पणाला लावले, हे विचारायचेच राहून जाते. या प्रश्नाचा माग काढत गेलो, तर वाट माथेरानच्या ३० वर्षे आधीच्या, इंग्लंडमधल्या एका बागेत जाऊन पोहोचते.

डर्बीशायर परगण्यात डफील्ड नावाचे गाव आहे. तिथे आर्थर हेवूड (१८४९–१९१६) नावाचा एक सधन माणूस राहत होता. केंब्रिजमध्ये शिकलेला, पण हात लोखंडात रमणारे. वडिलांनाही धातूकामाचा नाद होता. हेवूडने आधी ९ इंच गेजची, म्हणजे दोन रुळांत ९ इंच अंतर असलेली गाडी करून पाहिली. माणूस बसला की ती डळमळे. मग १८७४ मध्ये त्याने १५ इंचांचे रूळ टाकायला घेतले. मुंबईच्या लोकलच्या रुळांत ५ फूट ६ इंच अंतर असते. हे त्याच्या पाव हिश्श्याहूनही कमी.

हा निव्वळ श्रीमंताचा चाळा नव्हता. त्या काळी मोठ्या जमीनदाऱ्या, खाणी, वीटभट्ट्या यांचा माल स्टेशनपर्यंत न्यायला घोडागाड्याच लागत. पावसात रस्त्यांचा चिखल होई आणि मोठी रेल्वे दारापर्यंत आणणे कोणाला परवडत नसे. हेवूडचा प्रश्न सरळ होता. खरोखर ओझे वाहील अशी सर्वांत लहान रेल्वे किती लहान असू शकते? त्याने तिला ‘किमान गेज’ असे नाव दिले आणि १८८१ मध्ये या विषयावर पुस्तकही काढले.

पण त्याची बाग सपाट नव्हती. घर तीव्र उताराच्या टेकडीवर होते. त्या उतारावर त्याने सुमारे एक मैलाचा मार्ग काढला. तीन बोगदे खणले, लाकडी पूल उभारला. काही ठिकाणी १० फुटांमागे १ फूट चढ होता, तर काही वळणे अवघ्या २५ फूट त्रिज्येची होती. इथे गाडी चालली तर कुठेही चालेल, हा त्यामागचा हिशेब.

डोंगरातल्या रेल्वेची खरी अडचण इथेच कळते. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फार घट्ट धरत नाही. रूळ ओले असले, त्यावर पाला पडला, की ते जागच्या जागी फिरत राहते. चढ चढायचा तर इंजिनाचे सगळे वजन ओढणाऱ्या चाकांवर हवे आणि अशी चाके जास्त हवीत. पण सहा किंवा आठ चाके एका ताठ चौकटीत बसवली की ती वळणावर अडकतात, रूळ घासतात, नाहीतर रुळावरून उतरतात. म्हणजे चढाला जे हवे तेच वळणाला नको. आणि डोंगरात चढ आणि वळण एकत्रच येतात.

हेवूडने ताठपणा सोडला. त्याने चाके थेट मुख्य आसावर न बसवता तिच्याभोवतीच्या पोकळ नळीवर बसवली. आतली आस इंजिनाच्या जोरावर सरळच फिरते, पण बाहेरची नळी चाकांसकट वळणाप्रमाणे थोडी कलू शकते. त्यामुळे जोरही मिळतो आणि गाडी वळतेही. १८८१ च्या ‘एला’ या सहा चाकी आणि १८९४ च्या ‘म्यूरियल’ या आठ चाकी इंजिनांनी हे दाखवून दिले.

लोक बघायला येत, गाडीत बसत, खूश होऊन परत जात. हेवूडने तर जेवणाचा आणि झोपायचा डबाही बनवला होता. मैलभराच्या मार्गावर झोपायचा डबा! त्यामुळे बघणाऱ्यांना ते खेळणेच वाटले असेल, तर नवल नाही. लष्कराने आपली गाडी घ्यावी अशी त्याची फार इच्छा होती. लष्कराने घेतली नाही. मोठे गिऱ्हाईक एकच मिळाले, ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर. त्याच्या ईटन हॉलसाठी १८९६ मध्ये रेल्वे सुरू झाली आणि पुढची ५० वर्षे तिने कोळसा, विटा, खडी वाहिली. १९१६ मध्ये हेवूड वारला, तेव्हा पहिले महायुद्ध चालू होते. त्या युद्धात खंदकांपर्यंत दारूगोळा पोहोचवायला दोन्ही बाजूंनी लहान गेजच्याच रेल्वे वापरल्या. फक्त त्या १५ इंचांच्या नव्हत्या, दोन फुटांच्या आसपासच्या होत्या.

आता आपल्या डोंगराकडे येऊ. नेरळहून माथेरानला जाणारा मार्गही दोन फूट गेजचा. साधारण २१ किलोमीटर, चढ २० फुटांमागे १ फूट, आणि वळणांवर वळणे. अडचण तीच. इथे आणलेली वाफेची इंजिने जर्मनीच्या ऑरेन्स्टाइन अँड कोपेल कंपनीची होती. त्यांत क्लीन आणि लिंडनर या जर्मन अभियंत्यांची रचना होती: आत घट्ट आस, बाहेर पोकळ आस, आणि वळणाप्रमाणे कलणारी चाके. कोणी कोणाची नक्कल केली, असा माझा दावा नाही. पण डफील्डच्या बागेने जे उत्तर काढले, जवळपास त्याच उत्तराच्या बळावर गाडी सह्याद्री चढली.

फरक जोखमीचा होता. हेवूडने स्वतःच्या बागेत, स्वतःच्या सवडीने काम केले. गाडी फसली असती तर त्याचा छंद फसला असता. माथेरानची रेल्वे मुंबईच्या दाऊदी बोहरा घराण्यातले अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी १९०४ ते १९०७ या काळात बांधली. वडील सर आदमजी पीरभॉय यांचे पाठबळ होते. खर्च आला १६ लाख रुपये. जिथे एका पावसाळ्यात कडा खाली येतो, अशा डोंगरावर हा खासगी पैसा लावलेला होता. २२ मार्च १९०७ रोजी गाडी सुरू झाली. शंभर वर्षांनीही तो डोंगर नमलेला नाही. २००५ च्या अतिवृष्टीत मार्ग वाहून गेला आणि गाडी पुन्हा सुरू व्हायला २००७ उजाडले.

हेवूडची ‘म्यूरियल’ पुढे इंग्लंडमधल्या रेव्हनग्लास इथल्या रेल्वेने घेतली. १९२७ मध्ये तिच्यावर नवा बॉयलर चढला, ‘रिव्हर अर्ट’ असे नवे नाव मिळाले आणि ती अजून धावते. तिच्या पोटात बागेतले इंजिन आहे, हे तिथले लोक आवर्जून सांगतात. आपल्याकडे मात्र नेरळला गाडीत बसणाऱ्या किती जणांना पीरभॉय हे नाव ठाऊक असते?

पुढच्या खेपेला गाडी वळणावर कुरकुरत हळू होईल, तेव्हा खिडकीतून दरीच पाहू नका. खाली चाकांकडेही बघा. डोंगराशी झगडा ताठ राहून जिंकता येत नाही, हे कुणीतरी आधी बागेत शिकले आणि कुणीतरी खासगी पैसा लावून आपल्या डोंगरात खरे करून दाखवले. त्याला खेळणे म्हणायला हरकत नाही. पण ते खेळ मांडणाऱ्यांची नावे तरी लक्षात ठेवू.