पक्क्या हाडातले दात

शाळकरी मुलीच्या दातांना तार लावलेली दिसली, तर आपल्याला नवल वाटत नाही. पण चाळिशीतले गुरुजी तोंडात तार घालून फळ्यापुढे उभे राहिले, की वर्गात खसखस पिकते. “आता कसले दात सरकणार? हाड पक्कं झालं की!” असे जाणती माणसेही म्हणतात. हाड पक्के होते खरे, पण त्याचा दगड होत नाही. एवढे कळायला माणसाला फार दिवस लागले. ती हकीकत ऐकण्यासारखी आहे.

पहिल्या शतकातला रोमन ग्रंथकार सेल्सस सांगतो, की दुधाचा दात पडण्याआधीच मागून नवा आला, तर जुना काढावा आणि नवा रोज बोटाने रेटून जागेवर आणावा. उपाय बिनखर्ची, पण पोरांपुरता! १७२८ साली फ्रान्सच्या प्येर फोशारने दंतवैद्यकावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. वाकडे दात सोन्याच्या किंवा चांदीच्या पट्टीला दोऱ्याने बांधावेत, ही युक्ती त्यात आहे. घाई असली तर हा गृहस्थ सरळ हत्यार लावून दात हलवी, जागेवर बसवी आणि शेजारच्या दातांना बांधून टाकी. नुसते वाचून दाढ ठणकू लागते!

दात सरकत, पण कसे, हे उमगले नव्हते. ओल्या बांबूसारखे हाड वाकत असेल, असा काहींचा तर्क होता. १९०४ साली स्वीडनच्या कार्ल सँडस्टेटने आपले प्रयोग प्रसिद्ध केले. कुत्र्याच्या दातांना तार बसवून त्याने आतले हाड सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. दात आणि हाड यांच्यामध्ये धाग्यांचा अगदी पातळ पडदा असतो. दात ज्या बाजूला रेटला जातो, तिकडचे हाड विरते आणि मागच्या बाजूला नवे भरते. नदी वळणावर एक काठ खाते आणि दुसऱ्या काठाला गाळ घालते ना, तसेच हे. मात्र जोर फार झाला, की पडद्यातल्या रक्तवाहिन्या चेपतात आणि दात अडून बसतो. म्हणजे घाई केली की उशीरच होतो.

हाडाची ही मोडतोड आणि भरणी जन्मभर चालते. म्हणून मोठेपणीही दात हलतात, पण सुरुवात सावकाश होते. महिन्याला सुमारे १ मिलिमीटर, हा हिशेब धरा.

जबड्याची गोष्ट वेगळी बरं का. १८६० साली अमेरिकेत एंजल नावाच्या दंतवैद्याने एका चौदा वर्षांच्या मुलीच्या टाळूत मळसूत्र बसवून वरचा जबडा रुंद केला. टाळूच्या मधली शीव तेव्हा उघडू शकली; मोठ्या माणसात ती बहुधा घट्ट सांधलेली असते. त्यामुळे जबडाच फार पुढे किंवा मागे असेल, तर नुसत्या तारेने भागत नाही, शस्त्रक्रिया लागते. खालचा जबडा आतून चिरून सरकवण्याची पद्धत ओब्वेगेसर या शल्यवैद्याने १९५७ साली मांडली. आजही तिचाच आधार घेतात.

आता तुमच्यापैकी कोणी तार लावणार असेल, तर आधी हिरड्या दाखवा. पायरियाने हाड खाल्लेले असताना दात ओढले, तर ते खिळखिळे होतात. तारेने मुळांची टोकेही थोडी झिजतात, म्हणून मधूनमधून क्ष-किरण चित्र काढतात. आणि तार निघाली तरी दात जुन्या जागेची ओढ सोडत नाहीत. रात्री घालायची पट्टी पुढे कित्येक वर्षे उशाशी ठेवावी लागते.